मोटरचा पडदा आणि आप्पांची दोरी

गोडादऱ्याचे सुकदेवआप्पा दिवसभर पॉवरलूमवर साडीचे कापड विणत आणि संध्याकाळी शहरातल्या जुन्या नाट्यगृहात पडदा ओढत. विणण्याचे काम पोटाचे होते, पडद्याचे मानाचे. सव्वीस वर्षांत तिसऱ्या घंटेनंतर सात श्वास मोजल्याशिवाय त्यांनी दोरीला हात लावला नव्हता. एकदा एका उतावळ्या नटाने पाचव्या श्वासालाच "ओढा" अशी खूण केली, तेव्हा आप्पांनी पुन्हा एकपासून मोजले.

एका पावसाळ्यात भरदुपारी, आत कोणी नसताना, शंभर वर्षांच्या त्या नाट्यगृहाचे छत खाली आले. उरलेल्या भिंतीही मग पाडाव्या लागल्या. आठवण म्हणून कुणी खुर्चीचा क्रमांक नेला, कुणी आरशाचा तुकडा. आप्पांनी ढिगाऱ्यातून पडद्याची दोरी उपसली आणि खांद्यावर टाकून घरी आणली. त्यांच्या बायकोने, उषाबाईंनी, ती गरम पाण्यातून काढली आणि गच्चीवर कपडे वाळत घालायला बांधली.

नवे नाट्यगृह उभे राहायला पाच वर्षे लागली. तोवर दर रविवारी प्रयोगाच्या वेळेला आप्पा गच्चीवर जात, सात श्वास मोजत आणि ओल्या साड्या दोन्हीकडे सारख्या सारत.

"आप्पा, आज कोणतं नाटक?" समोरच्या गच्चीवरून मंदा विचारी.

"आज तालीम आहे," आप्पा गंभीरपणे सांगत.

उद्घाटनाच्या आठवड्यात नाट्यगृहाचे गुजराती व्यवस्थापक भूपेंद्रभाईंनी त्यांना बोलावले. नवा मखमली पडदा मोटरवर चालणार होता. "आप्पा, आता फक्त बटन दाबायचं. ते आमचा दीपक दाबेल. तुम्ही पहिल्या रांगेत बसा, पाहुणे म्हणून."

"पहिल्या रांगेतून पडद्याची मागची बाजू दिसते?"

"ना रे."

"मग मी तिथं बसून काय पाहू?"

घरी उषाबाईंनी आपल्या अहिराणीत एवढेच म्हटले, "आते कसाले जातस? तठे बटन शे."

तरीही आप्पा गेले. प्रयोगापूर्वी पडद्याआड नारळ फोडायचा, तो पडदा ओढणाऱ्यानेच, ही तिथली जुनी रीत. बटन दाबणाऱ्याबद्दल कुणी काही ठरवले नव्हते. आप्पांनी नारळ फोडला, नटांना खोबरे वाटले आणि उठताना त्यांना पडद्याच्या दोन पल्ल्यांच्या कडांना एकेक जाड रेशमी दोरी लोंबताना दिसली. ती शोभेची होती. परंतु मागावर सुटलेले टोक दिसले की आप्पांची बोटे ते जोडूनच थांबत. डोक्याला विचारण्याची पद्धत नव्हती. ते खाली येऊन पहिल्या रांगेत बसले.

तिसरी घंटा झाली. दीपकने बटन दाबले. मोटर गुरगुरली, पडदा थरथरला आणि जागीच राहिला. दीपकने पुन्हा दाबले. मोटर अधिक रागाने गुरगुरली, मग गप्प झाली.

"मोटर गेली," मागे कुणीतरी म्हणाले.

आप्पांना मनातून गुदगुल्या झाल्या. आता दोरीशिवाय यांना गत्यंतर नव्हते. सवयीने ते श्वास मोजू लागले. सहाव्या श्वासाला त्यांना आपली बोटे आठवली. सातव्याला ते उठले.

"भूपेंद्रभाई, मोटरचा दोष नाही. गाठ मी मारली."

"अरे, तो सोडो ने!" भूपेंद्रभाई गाठीकडे बोट दाखवत ओरडले.

विणकराची गाठ ओढाल तेवढी घट्ट होते, आणि मोटरने ती जिवाच्या आकांताने ओढली होती. आप्पांनी नखे लावली, शेवटी दात लावले. गाठ सुटली, मोटर मात्र रुसली ती रुसलीच. तेव्हा आप्पांनी एक पल्ला मुठीत धरला आणि भरल्या प्रेक्षागृहासमोर चालत डावीकडे नेला. दुसऱ्यासाठी त्यांना तेवढेच अंतर परत यावे लागले. लोकांनी दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या. सव्वीस वर्षांत त्यांना रंगमंचावर कुणी पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी भूपेंद्रभाईंनी निर्णय दिला. "मोटर पण रहेशे, दोरी पण रहेशे. पण आप्पा, शोभेच्या वस्तूंना हात लावायचा नाही."

आप्पा तसेच गच्चीवर गेले आणि नव्या पडद्यासाठी ती जुनी दोरी सोडू लागले.

"आनि लुगडा कोठे वाळाडू? तुमना डोकावर?" उषाबाई ओरडल्या.

आप्पांनी खिशातून नायलॉनची नवी दोरी काढली आणि दोन्ही खांबांना बांधली. गाठ अशी बसली की ती सोडायला उषाबाईंना आजही त्यांनाच हाक मारावी लागते.