क्लिप ओढून बघायची सवय

चौथी क्लिप ट्रेमध्ये पडली तेव्हा डॉक्टरांनी दुर्बीण बाजूला ठेवली.

"निखिल, ही तर नीट पकडायच्या आधीच सुटून राहिली," त्या म्हणाल्या. "पेशंटच्या पोटात असं झालं तर मी काय करू? हात घालून उचलू?"

समोर पेशंट नव्हता. खाटकाकडून आणलेलं बोकडाचं जठर ट्रेमध्ये पसरलेलं होतं. अकोल्याच्या या डॉक्टर पोटाच्या. अल्सरमधून आतल्या आत रक्त वाहणारे लोक त्यांच्याकडे येतात. आमची क्लिप त्यांच्यासाठीच बनत होती. अमरावतीच्या एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. निखिल सर तिथले डिझाइन इंजिनिअर, आणि क्लिप जोडायला आम्ही बायका. क्लिप नळीत भरायला हलका हात लागतो, म्हणून सर मला अकोल्याला सोबत न्यायचे. मी चौथी शिकलेली. नळी भरून दिली की भिंतीला टेकून उभी राहायची.

क्लिप म्हणजे दोन जबड्यांचा बारीक चिमटा. तो लांब तारेच्या टोकाला बसतो आणि दुर्बिणीतून पोटात जातो. बाहेर डॉक्टरांच्या हातात हँडल. हँडल ओढलं की टक् आवाज होतो, जबडे मिटतात, फुटलेली नस चिमटीत सापडते. आणखी जोरात ओढलं की तार तुटते. तार बाहेर येते, क्लिप आत राहते. जखम भरल्यावर ती आपोआप गळून शौचावाटे निघून जाते.

पण तार वाटेल तिथे तुटून चालत नाही. म्हणून टोकाजवळ ती मुद्दाम बारीक केलेली असते. सर त्याला नेक म्हणतात. नेक दुसऱ्या ओढीलाच तुटली पाहिजे. पहिल्याच ओढीला तुटली तर जबडे अर्धवट राहतात आणि क्लिप पडते. त्या दिवशी दहापैकी चार पडल्या.

"शोभाच्या हातच्या असतील," परत येताना सर म्हणाले. शोभा माझ्या शेजारी बसते. हात भरभर चालवते आणि बोलतेही तेवढंच. मलाही तेच वाटलं. मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी शोभाला लेबल लावायला बसवलं.

"तोंड चालते माह्यं म्हणून हात बी बिघडला काय?" ती सगळ्यांसमोर म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "अन् तू वो? वर्षभर बाजूले बसली. माह्यासाठी एक शब्द नाही निघाला तुह्या तोंडातून!"

मी मान खाली घालून काम करत राहिले. पुढच्या सगळ्या क्लिपा माझ्या एकटीच्या हातच्या होत्या. त्या घेऊन आम्ही पुन्हा अकोल्याला गेलो. या वेळी दहापैकी सहा पडल्या.

"आज तर जास्तच," डॉक्टर म्हणाल्या.

"या सगळ्या ताईंच्या आहेत, मॅडम. ताईंचा हात चुकत नाही," सर म्हणाले. "म्हणजे माझंच चुकलं. नेक जाड करतो. उद्या दुपारी तार बनवणाऱ्यांना नवीन ड्रॉइंग पाठवतो."

"पण जास्त जाड नको करू. तुटलीच नाही तर तार पोटात अडकून राहीन. ओढून काढायले गेलं तर नसच फाटन."

"तेवढं बघतो, मॅडम."

माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. मला बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलाशी बसले. पहिली क्लिप तारेला जोडली, बोटांत धरली आणि बारीकसा हिसका देऊन ट्रेमध्ये ठेवली. दुसरी जोडली, हिसका दिला. तिसरीला हात मध्येच थांबला. हे मी रोज करत होते. ठेवता ठेवता, डोळ्याची पापणी लवते तेवढ्या वेळात.

इथे येण्याआधी मी गाद्यांच्या कारखान्यात टाके घालायची. तिथे प्रत्येक गाठ ओढून बघायची रीत. न ओढता सोडली तर मालकीणबाई तीच गादी परत पुढ्यात टाकायच्या. सरांनीही इथे भिंतीवर कागद लावला होता, 'प्रत्येक पीस तपासूनच द्या'. मी तपासत होते. शोभा तपासत नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला नाही. दहा नवीन क्लिपा जोडल्या. पाचांना हिसका दिला, पाचांना नाही. मग सर करतात तसं एकेक ताण मोजायच्या काट्याला अडकवून ओढलं. न ओढलेल्या पाचही काट्यावरच्या लाल खुणेवर, म्हणजे हव्या तेवढ्या जोरालाच तुटल्या. हिसका दिलेल्यांपैकी चार खुणेच्या बऱ्याच आधी गेल्या. भिंगाखाली पाहिलं तर हिसक्याने नेक ताणून आणखी बारीक होत होती.

ड्रॉइंग जायला अर्धा तास होता. गप्प राहिले असते तर जाड नेक आली असती. माझ्या ओढलेल्या क्लिपा त्या नेकवर बरोबर चालल्या असत्या, म्हणजे टेस्ट पास. पण दुसऱ्या बाईने न ओढता जोडलेल्या क्लिपची तार तुटलीच नसती, कुणाच्या तरी पोटात अडकून राहिली असती. हे मनात आलं आणि मी उठले.

सरांच्या टेबलावर दहाही तुकडे ठेवले. "सर, शोभाचं काही चुकलं नाही. तुमचंही नाही. मी ओढून बघते. म्हणून क्लिप पडते."

सरांनी सगळं ऐकलं. स्वतः पाच क्लिपा ओढून पाहिल्या. मग जरा चढ्या आवाजात म्हणाले, "इतके दिवस काहून नाही सांगितलं, ताई?"

"तुमी विचारलं नाही, सर. तपासा म्हणाले. कसं तपासायचं ते नाही सांगितलं."

एवढं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. ते खुर्चीत मागे टेकले. "एकदाच तुटण्यासाठी बनवलेली वस्तू ओढून कशी तपासणार?" ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. ड्रॉइंग गेलं नाही. भिंतीवरचा कागदही त्यांनी काढला.

आता शंभरातल्या पाच क्लिपा काट्यावर तोडून बघतो आणि त्या फेकून देतो. बाकीच्यांना कुणी हिसका द्यायचा नाही. हँडललाही एक बदल झाला. क्लिप पोटात पोहोचवताना कुणी चुकून ओढू नये म्हणून मी त्यात पाचर घाला म्हटलं, खाटेच्या सांध्यात घालतात तशी. सरांनी प्लास्टिकची पाचर बनवली. डॉक्टर ती काढतात तेव्हाच हँडल ओढलं जातं.

तिसऱ्या वेळी अकोल्याला वीस क्लिपा लावल्या. एकही पडली नाही, एकही अडकली नाही. शोभा लेबलांवरून पुन्हा क्लिपांवर आली होती; त्यातल्या दहा तिच्या होत्या.

"म्हणजे बाप्पा, मी हलगर्जी म्हणून पास झाली!" शोभा हसली. पण दोन-तीन दिवस ती माझ्याशी नीट बोलली नाही. ते बरोबरच होतं. सगळ्यांसमोर तिला उठवलं होतं आणि मी चूक सांगितली ती सरांच्या खोलीत. मग एका सकाळी सगळ्या बायका बसल्यावर मी उभी राहून सांगितलं की क्लिपा माझ्यामुळे पडत होत्या. आवाज फार निघाला नाही. शोभा म्हणाली, "मागच्या टेबलले ऐकू नाही आलं, पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं.

चुकणारीच्या हातावर सगळ्यांचं लक्ष असतं. न चुकणारीच्या हाताकडे कुणी पाहत नाही, म्हणून तिची चूक जास्त दिवस चालते.