आत्तींच्या काहिलीतले स्पीकर

आमच्या मागच्या परड्यात एक टब होता. गरम पाण्याचा, चार माणसं बसतील एवढा, आकाशी रंगाचा, तळातून बुडबुडे सोडणारा. कसबा बावड्यात त्या वेळी असलं काही कुणाकडं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कुणाला हवंही नव्हतं. हायवेवरचं एक हॉटेल बंद पडलं, त्याचं सामान विकायला निघालं, आणि आमच्या ह्यांना मोडीत निघालेल्या वस्तूंचा भारी सोस. ऊस ओढायच्या ट्रॉलीतून टब घरी आला तेव्हा अर्धी गल्ली मागून चालत होती. मी दारात कमरेवर हात ठेवून उभी होते, कारण तो घासायचा कुणी हे मला आधीच कळलं होतं.

सासूबाईंना आमच्या घरात आत्ती म्हणत. आत्तींनी टबाभोवती एक फेरी मारली, आत वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "ही तर काहील." गुऱ्हाळावर उसाचा रस आटवायची ती भलीमोठी कढई म्हणजे काहील. घरचं गुऱ्हाळ चालू होतं तोवर आत्तींचा निम्मा जन्म तिच्या वाफेत गेला होता. पुढं बुडबुडे सुरू झाले तेव्हा आम्हालाही दुसरं नाव सुचेना. टब शेवटपर्यंत काहीलच राहिला.

आत्तींना ऐकू येत नसे. नव्वद सालानंतर कधीतरी मी लग्न होऊन आले तेव्हाच त्यांचे कान गेलेले होते. कानातलं एक बारीक हाड धरून बसलंय, आतली शीर चांगली आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. ऑपरेशनला त्या तयार झाल्या नाहीत. मशीन आणलं, तर "शिट्ट्या मारतंय" म्हणून त्यांनी ते तांदळाच्या डब्यात टाकून दिलं. गंमत अशी, की त्या स्वतः फार हळू बोलत. स्वतःचा आवाज त्यांना आतून ऐकू येई म्हणे. आमच्याकडं माणसं शेजारी बसलेल्याशीसुद्धा नदीपलीकडं हाक मारल्यासारखी बोलतात. त्या गलक्यात हळू बोलणारं माणूस एकच, आणि तेच बहिरं.

मीही माहेरी हळूच बोलायचे. भाऊ चिडवायचा, हिचा आवाज हिच्या पदराबाहेर जात नाही. लग्नानंतर तो आवाज कुठं गेला कोण जाणे. रोज सकाळी आत्तींसमोर उभं राहून, तोंड वासून, हातवारे करून विचारायचं, "भाजी कशाची करू?" त्या माझ्या तोंडाकडं बघत आणि मान हलवत, "व्हय." कशाची करू याला व्हय हे उत्तर कसं होईल? मग मी आणखी ओरडायची. राग तर माझ्या नाकावरच. त्या पुन्हा "व्हय, व्हय" म्हणत आणि सुपाकडं वळत. परत सांग, ऐकू आलं नाही, असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. दिवेलागणीपर्यंत माझा घसा बसलेला असे.

त्यांचे गुडघेही गेले होते. माहेर शाहूवाडीकडचं, लहानपण भाताच्या चिखलात वाकून रोपं लावण्यात गेलेलं, आणि नंतर हे गुऱ्हाळ. काहिलीचा हीटर आठवड्यातच जळला, म्हणून ह्यांनी गच्चीवरच्या सोलरचं पाणी नळीनं खाली आणलं. संध्याकाळी जुनं लुगडं नेसून आत्ती आत उतरत, काठाला मान टेकत आणि डोळे मिटून घेत. मानेच्या मागं, काठातच, दोन स्पीकर बसवलेले होते. त्यांची वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत येई आणि खिडकीतल्या टेपला जोडलेली असे. रेडिओ लावायचे ते हे, स्वतःसाठी. आत्तींचा आणि गाण्याचा काही संबंध असेल असं कुणाच्या मनातही नव्हतं.

एका संध्याकाळी मी टॉवेल घेऊन गेले, तर त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "कोण गातंय गं?"

मी इकडंतिकडं बघितलं. रेडिओवर कुणी बाई गात होती, आवाज बारीकच ठेवलेला. मी हातानंच विचारलं, ऐकू येतंय? त्यांचे डोळे मिटलेलेच. मग आपणहून म्हणाल्या, "पाठीतनं येतंय."

ह्यांनी मला समजावलं, की स्पीकर काठाला घट्ट आवळलेले आहेत, त्यामुळं सगळा टबच थरथरतो, आणि ती थरथर हाडातून आत जात असणार. मला ते अर्धंच कळलं. मला आपलं वाटलं, गाणं पाठ होतं म्हणतात ते बहुतेक असंच होत असेल.

ती दोन-तीन वर्षं मला आज आठवतात ती धुरकट, एकात एक मिसळलेली. उसाचं गाळप सुरू झालं की साखर कारखान्याकडून मळीचा वास यायचा. तो आंबूस वास आणि काहिलीची वाफ मिळून परड्यावर एक पांढरट पडदा धरायचा. केळीची पानं, दोरीवरची धुणी, भिंतीवर बसलेलं मांजर, सगळं त्याच्यामागं सावकाश पुसट होत जायचं. मधोमध आत्तींचं तोंड तेवढं दिसे. त्या गाण्याबरोबर गुणगुणत, कधी गाणं संपल्यावरही गुणगुणत राहत, आणि मग ती चाल रेडिओची नसे, रोपं लावतानाची असे. मी पायरीवर शेंगा निवडत बसायची. वेळ कुठं जाई समजत नसे. दिवसभर चिडचिड करणारी मी त्या पायरीवर गप्प व्हायची, हे मलाच नवल वाटायचं.

वाफेनं स्पीकर खाल्ले. आतला कागद आधी मऊ पडला, मग फाटला. गाणं सुरू झालं की पतंगासारखं फरफरायला लागे. एक स्पीकर मुका झाला, दुसऱ्यातून बाईही पुरुषाच्या आवाजात गायला लागली. आत्ती मान थोडी थोडी सरकवून त्या जिवंत स्पीकरकडं नेऊ लागल्या. ते मी बघितलं आणि ह्यांच्या मागं लागले.

ह्यांनी गाड्यांना स्पीकर बसवणाऱ्या दुकानातून नवे आणले, पाण्याला दाद न देणारे, प्लास्टिकच्या पडद्याचे. या खेपेला वाफ आत जाऊ नये म्हणून त्यांनी खाली जाड रबराची चकती घातली आणि वर हलकेच स्क्रू लावले. आवाज काय स्वच्छ. शेजारच्या वहिनी भिंतीवरून वाकून ऐकून गेल्या. हे खूश, मी खूश.

आत्ती उतरल्या, मान टेकली, डोळे मिटले. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "लाव की."

गाणं चालूच होतं. मी मान हलवून तसं सांगितलं. त्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "व्हय, व्हय." तोच सकाळचा भाजीचा व्हय. दुसऱ्या दिवशी त्या उतरल्या नाहीत. पाणी टोचतंय म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी गुडघे बरे आहेत म्हणाल्या, आणि भिंत धरून परड्यातून आत गेल्या. त्यांना एवढी एकच जागा सापडली होती, आणि आम्ही ती हौसेनं बुजवून टाकली होती.

मी साडीसकट काहिलीत जाऊन बसले. मान टेकली. गाणं कानात येत होतं, छान येत होतं, पण काठ गार, मुका. पाठीला काही लागतच नव्हतं. मी तशीच ओल्या साडीनं आत गेले आणि ह्यांना म्हणाले की ते रबर काढा. ते म्हणाले, काढलं तर वाफ आत शिरेल, हे स्पीकरही दोन पावसाळ्यांच्या वर टिकायचे नाहीत. स्पीकर आत्तींसाठी आहेत की आत्ती स्पीकरसाठी, असं मी विचारलं. माझा आवाज तेव्हा कुठवर गेला ते शेजारच्या वहिनींनी नंतर सांगितलं.

संध्याकाळी ह्यांनी रबर काढलं. मी आत्तींना हाताला धरून जवळजवळ ओढतच पाण्यात उतरवलं. ढग आले होते, रेडिओवर नुसती खरखर, म्हणून ह्यांनी गणपतीतला माईक टेपला जोडून माझ्या हातात दिला. मी खिडकीआड स्वयंपाकघरात. ते बाहेर काठामागं वाकून स्क्रू आवळणार, मी आतून बोलत राहायचं. मी नेहमीसारखी मोठ्यानं "हॅलो" म्हणाले, तर माईकनं अशी शिट्टी मारली की मांजर भिंतीवरून खाली. हे ओरडले, "हळू बोल की, शिट्टी मारतोय."

हळू काय बोलायचं? त्या घरात मी हळू कधी बोललेच नव्हते. मग तोंडात बसलेलं तेच बाहेर आलं, अगदी माईकला ओठ लावून.

"आत्ती, भाजी कशाची करू?"

खिडकीतून मला वाफ दिसत होती आणि वाफेत त्यांचं डोकं. ते हललं नाही. ह्यांनी स्क्रूला आणखी एक आटा दिला. मी पुन्हा म्हणाले, "आत्ती, भाजी कशाची करू?"

"कोण बोलतंय?" आत्तींनी विचारलं.

"मी. तुमची सून."

ह्यांचा हात स्क्रूवर तसाच थांबला होता. मग आत्ती त्यांच्या त्या नेहमीच्या हळू आवाजात, डोळे न उघडता बोलल्या.

"असा हाय व्हय तुझा आवाज. मला वाटायचं, तू कायम माझ्यावर रागावल्यालीच असतीस."

मला रडू आलं. माईक हातात होता, म्हणून तेही त्यांना ऐकू गेलं असणार. मी पदरानं नाक पुसलं. माझं मलाच कळत नव्हतं, की इतकी वर्षं मी यांच्याशी बोलत होते की नुसतं तोंड वासत होते.

"पोरी," आत्ती म्हणाल्या, "परत इचार."

मी परत विचारलं.