चुकणाऱ्याचीही गोष्ट पुढे नेणारे नेरकर सर

दिगंबर नेरकर सरांना मी प्रथम पाहिलं ते भोपाळच्या टाउनशिपमधल्या कारखान्याच्या प्रशिक्षण केंद्रात. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षानंतर मी तिथे उन्हाळी प्रशिक्षणाला गेलो होतो. सर यंत्रांतले बिघाड शोधायला शिकवत. फळ्यावर आकृती येईल म्हणून मी वही उघडून बसलो, तर सरांनी माझ्याकडेच बोट केलं. "तू गरम पाण्याच्या पंपावर आहेस. दाब चढतोय. तुझा जोडीदार रघू खाली खड्ड्यात उतरलाय. काय करशील?"

मी ऐटीत म्हणालो, "पुढची झडप बंद करीन."

"बरं, केलीस. दाब आणखी चढला. खालच्या जोडातून गरम पाणी उडायला लागलं. रघू ओरडतोय. आता?"

'चूक' हा शब्द सरांनी उच्चारलाच नाही. माझ्याच चुकीवरून ते गोष्ट पुढे नेत राहिले आणि मी एकेक उपाय सांगत राहिलो. तास संपला तरी रघू खड्ड्यातच! दुसऱ्या दिवशी दांडी मारून तलावावर जायचं आमचं पक्कं ठरलं होतं. पण सगळेच्या सगळे वेळेआधी वर्गात हजर होते.

पुढे पुण्यातली नोकरी सोडून मी भोपाळला परतलो आणि दोन मित्रांसह गोविंदपुऱ्यात व्हिडिओ गेम बनवायचं ऑफिस थाटलं. बाबांनी बोलणं टाकलं. तेव्हा सर आपणहून घरी आले आणि बाबांना म्हणाले, "तो खेळत नाहीये हो, काम करतोय. थोडा वेळ द्या त्याला." दुसऱ्या कुणाचं बाबांनी ऐकलं नसतं.

दोन वर्षं खपून केलेला आमचा गेम मात्र कुणाला धरून ठेवेना. चित्रं सुरेख, संगीत सुरेख, पण खेळणारा थोड्याच वेळात गेम बाजूला ठेवून चहाला उठे. ऑफिसला कुलूप लावायचं जवळजवळ ठरलं. शेवटचा उपाय म्हणून मी गेम सरांपुढे ठेवला.

गेममध्ये धरणाखालचं एक गाव पुरातून वाचवायचं होतं. सुरुवातीला त्या गावाची लांबलचक कहाणी पडद्यावर चाले. सरांनी हातातला कंट्रोलर खाली ठेवला आणि हाताची घडी घातली.

"मी आत्ता काय करतोय?"

"सर, गोष्ट ऐकताय."

"मग हे हातात कशाला दिलंस?"

पुढे त्यांनी धरणाचा चुकीचा दरवाजा उघडला. पडदा काळा झाला आणि 'पुन्हा प्रयत्न करा' अशी पाटी आली. सर खरोखर चिडले. "चुकलो तर चुकलो. पण माझ्यामुळे त्या गावाचं काय झालं, ते मला बघू तरी दे! तू तर मला घरीच पाठवलंस."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांच्या वर्गात हे अंगावर काटा येईपर्यंत शिकलो, त्यांनाच मी पाटी दाखवली होती. आम्ही सगळा गेम मोडून नव्याने रचला. पंचाहत्तरीला आलेले सर दर मंगळवारी डबा घेऊन गोविंदपुऱ्यात येत, आमची खरडपट्टी काढत आणि जाताना डब्यातली अर्धी भाजी आम्हाला ठेवून जात. गेममध्ये स्वतःचं नाव घालायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. म्हणून ते इथे अभिमानाने लिहितो.

नवा गेम आम्ही सर्वांत आधी त्यांच्याच घरी लावला. हाही फसला असता तर कुलूप नक्की होतं. आम्ही तिघे मागे बसलो. सर खेळत राहिले. आतून काकूंची हाक आली, "अहो, पोळ्या ठंड्या होताहेत. किती वेळ झाला, बंद करा ना ते!"

सरांनी मान वळवली नाही. "अगं, माझ्या हातून धरणाचा दरवाजा उघडा राहिला. खालच्या घरात म्हातारी अडकलीय. तिला तशीच सोडून जेवायला येऊ?"

मूळच्या उज्जैनच्या काकू लाटणं हातात घेऊनच बाहेर आल्या. क्षणभर पडद्याकडे पाहिलं आणि सरांच्या शेजारी टेकल्या. "मग असे बसलात काय? होडी पाठवा ना जल्दी!"

कुलपाचा विषय तिथेच संपला.

सरांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, त्यांची नजर आणि बोटं अशीच तल्लख राहोत. आमचा पुढचा गेम अर्धा झाला आहे, आणि "या वेळी पहिल्यांदा मीच खेळणार," असं काकूंनी सरांना बजावलं आहे.