नंदाचा करदोटा

ओल्या मातीतून गाजर उपटलं की एक बारीकसा आवाज होतो — घट्ट धरून ठेवलेलं काहीतरी जमिनीने नाइलाजाने सोडून द्यावं, तसा. पौषातल्या सकाळी, पाटाचं पाणी नुकतंच वाफ्यांतून फिरून गेलेलं असताना, तो आवाज ऐकायला आम्ही दोघी बहिणी अनवाणी पळायचो. पाला मुठीत धरायचा, टाचा रोवायच्या, गाजर हातात आलं की फ्रॉकच्या घेराला पुसायचं आणि कचकन चावा घ्यायचा... थंडगार गोडवा, आणि त्या गोडव्यात दाताखाली येणारी मातीची किंचित कचकच. माझ्या बालपणाची चव ती हीच, आणि तिच्याविषयी प्रेमाने लिहिताना आजही माझा हात अडखळतो.

नेवाशापासून थोडं आत, प्रवरेच्या अंगाला आमचा मळा होता. गाजर, मुळा, मेथी, कोथिंबीर. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी आई आणि अण्णा गाजरं बारदानात भरायचे, दोन बाजूंनी दोघं धरून पाटाच्या पाण्यात हेलकावायचे, आणि मातकट गाजरं बघता बघता लालचुटूक होऊन बाहेर यायची. गिऱ्हाइकाची गाजरं अशी धुतली जायची; घरच्या पोरींना फ्रॉकचा घेर पुरे होता. बांधापलीकडे बाभळींची रांग होती आणि तिच्याआड पहाटे सारी वस्ती डबे घेऊन जायची, कारण संडास कुणाच्याच घरी नव्हता. पाऊस झाला की तिकडचं पाणी वाहत आमच्याच वाफ्यांत उतरायचं. त्याचा विचार कुणी केला नाही. मातीने आमचं काही वाईट होईल, हे मनात तरी कसं यावं?

नंदा माझ्याहून लहान, पहिलीत जाणारी. जन्मली तेव्हा एवढीशी होती, की आईने तिला कापसात गुंडाळून वाढवलं असं अण्णा म्हणायचे. तिच्या कमरेला काळा करदोटा होता, तेल पिऊन गुळगुळीत झालेला, आणि आईचा सगळा जीव त्या करदोट्याच्या गाठीत अडकलेला. न्हाणीघरात शिकेकाईच्या ओल्या वासात, चुलीवरच्या पाण्याच्या वाफेत नंदा उभी असायची, आणि आई तिच्या पोटावर काचलेली ती गाठ सोडून जरा सैल बांधायची. गाठ सैल करावी लागली, की तो दिवस आईचा. “भरली गं माझी बाय,” ती म्हणायची, आणि तिच्या चेहऱ्यावर जे उमटायचं त्याला मी आनंद याहून दुसरा शब्द देऊ शकत नाही.

पोट तेवढं भरत होतं. हात काटकुळे, केस पिंगट, रात्री झोपेत दात करकरा खाणं, भिंतीचे पोपडे गुपचूप तोंडात टाकणं... आज हे सगळं एका ओळीत लिहिता येतं. तेव्हा मात्र आमच्या घरात त्या गोल, ताणलेल्या पोटाचं कौतुकच चाललेलं असायचं. कुणी त्याकडे टक लावून पाहिलं की आई तिन्हीसांजेला मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकायची. ठसका लागला नाही की म्हणायची, “बगा, केवडी दृष्ट हुती!”

त्या माघात शाळेत बाईंनी सांगितलं, उद्या जंताची गोळी मिळणार, सगळ्यांनी यायचं. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा आई मेथीच्या जुड्या बांधत होती. तिचे हात थांबले.

“त्या गोळीनं पोट उतरतं म्हनं,” ती अण्णांना म्हणाली. “पोर आत्ता कुटं अंगाला लागलीय. मी न्हाई धाडायची.”

“बाई रागावतील ना,” मी म्हटलं.

“तू जा की. तुजं काय उतरायचंय?”

ते खरंच होतं. मी आधीच फाटक्या अंगाची होते. दुसऱ्या दिवशी रांगेत उभी राहून मी ती गोडसर, खडूसारखी गोळी चावून खाल्ली, आणि नंदा घरी आईच्या मांडीवर बसून गूळ-पोळी खात राहिली.

होळीच्या सुमारास तिचं पोट दुखू लागलं. आधी ओव्याचं पाणी झालं, मग बेंबीवर हिंग झाला, पुन्हा एकदा दृष्ट झाली. मग हिरवट उलट्या सुरू झाल्या, आणि एका उलटीतून पांढुरका, लांबलचक जंत अंगणातल्या शेणसड्यावर पडला, वळवळत... आई किंचाळली नाही. ती नुसती त्याच्याकडे पाहत राहिली. भाजीच्या टेम्पोत कोथिंबिरीच्या वासातच नंदाला नगरच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी अण्णांना हळू आवाजात समजावलं — जंतांचा गुंता होऊन आतड्याची वाट बंद झाली आहे, उशीर झाला आहे, तरी प्रयत्न करू. मातीतून जातात हे पोटात, ते म्हणाले; आणि मग अगदी साधेपणाने विचारलं, “शाळेत गोळी देतात, ती घेतली नव्हती का हिनं?”

आत नेण्याआधी नर्सने नंदाचा करदोटा कापला आणि आईच्या हातात दिला. परत आला तो तेवढाच.

आईला त्यावर कुणी बोल लावला नाही. अण्णांनी तर तो विषय जन्मभर काढला नाही. पण त्यानंतर आमच्या घरात कुणाच्याही मुलाच्या कमरेला आईने करदोटा बांधला नाही. अण्णांनी आधी संडास बांधला, आणि घराचं छप्पर पुढच्या सालावर ढकललं.

आता मी सोनईत राहते. अण्णा गेल्यापासून आई माझ्याकडेच असते. ती नारळाच्या काथ्याने गाजरं घासते, घासतच राहते, आणि माझी लेक ओवी ती ताटलीतून खाते. ओवीला मातीची ती कचकच ठाऊक नाही. मला कधी कधी त्या कचकचीची आठवण येते, आणि येते म्हणून वाईट वाटतं.

शाळेत गोळीचा दिवस असला की आई सकाळीच आवरून निघते. तिला कुणी सांगावं लागत नाही. फाटकापाशी पदर सावरून उन्हात उभी राहते आणि ओवी बाहेर आली की तिची हनुवटी धरते. “आ कर.” जिभेवर पाहते, जिभेखाली पाहते, दोन्ही गालांत पाहते. मग तिथेच, सगळ्या मुलांसमोर, तिच्या पोटावर तळहात ठेवते आणि डोळे मिटते.

“सपाट हाय,” घरी येऊन ती मला सांगते — न्हाणीघरात गाठ सैल करताना ज्या आवाजात सांगायची, अगदी त्याच आवाजात.