फिलूला शोधायला चेन्नईला

चेन्नई सेंट्रलला उतरले तेव्हा सकाळच होती, तरी घामाने ब्लाऊज पाठीला चिकटला होता. लोक इथे समुद्र बघायला येतात, देवळं बघायला येतात, कुणी कांजीवरम घ्यायला येतं. मी माझ्या मेलेल्या बहिणीचा फोटो घ्यायला आले होते.

फिलू माझ्याहून धाकटी. सात वर्षांची असताना तापाने गेली. पहिल्या कम्युनियनला (चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेतला त्या दिवशी) तिचा फोटो काढला होता, तेवढा एकच. तोच ती गेल्यावर महिन्याच्या मिस्साला (चर्चमधल्या प्रार्थनाविधीला) आठवणीच्या कार्डावर छापला. आम्हा वसईच्या ख्रिस्ती घरांत असं कार्ड प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवतात, म्हणजे मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हणताना ते माणूस समोर येतं. मूळ फोटो वाळवीने खाल्ला. राहिलं ते पापांच्या चामडी बांधणीच्या जुन्या प्रार्थनापुस्तकातलं कार्ड. गावात घरोघर विचारलं, आता कुणाकडेच नाही.

पापा चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण द्यायचे आणि जुन्या पुस्तकांसाठी वेडे होते. लॅटिन मिस्साची पुस्तकं, रोमी लिपीत छापलेल्या मराठी प्रार्थना, संतांची चरित्रं. फाटली म्हणून कुणी जाळायला काढलेली पुस्तकंही ते घरी आणायचे. ते गेल्यावर थोरला भाऊ विल्सन कॅनडाहून आला आणि सगळं खोक्यांत भरून चेन्नईच्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाला देऊन मोकळा झाला. आईला विचारलं नाही, मला तर नाहीच. उंटावरून शेळ्या हाकायची त्याची खोड जुनी.

आता आईच्या डोळ्यांत काचबिंदू आहे. "नजर आहे तोवर पोरीचा चेहरा एकदा दाखव गं," ती म्हणाली. "मला तो आठवेनासा झालाय." हे ऐकल्यावर मी घरी बसणार कशी? निघताना विल्सनचा फोन आला. त्याला वेगळीच काळजी. "तिथे देणगीदारांची पाटी लावलीय म्हणे. तिचा फोटो काढून पाठव."

गिंडीच्या लॉजवर सामान टाकलं आणि समोरच्या हॉटेलात पोंगल (तांदूळ-मुगडाळीची मिरी घातलेली मऊ खिचडी) खाल्लं. कॉफी पेल्यातून डवऱ्यात (पसरट वाटीत) ओतून प्यायची असते, ती मी साडीवर सांडली. वाढणाऱ्या माणसाने हसून दुसरी आणून दिली. रिक्षावाल्याने भलत्याच फाटकाशी उतरवलं. उन्हातून सगळं आवार तुडवत ग्रंथालय गाठलं.

दुर्मीळ ग्रंथांची खोली इतकी गार होती की पदर कानावर घ्यावा लागला. दाराशीच पाटी. विल्सनचं नाव ठळक, पापांचं त्याच्याखाली बारीक. मी फोटो काढला नाही. काढायचा असेल तर ये म्हणावं विमानाने.

टेबलामागे सेतुराव नावाचे ग्रंथपाल होते, पन्नाशीचे, कपाळाला गंध. माझं नाव-गाव ऐकून एकदम खुलले. "मराठी का तुम्ही? आम्हीही मराठीच, आक्का. तंजावरकडचे. घरांत अजून बोलतों." त्यांची मराठी जुन्या वळणाची, हेल मात्र तमिळ. परक्या गावात माझी भाषा ऐकून मला भरून आलं. वाटलं, काम झालंच.

मी सांगितलेलं पापांचं पुस्तक त्यांनी आणलं. पांढऱ्याशुभ्र पेटीत, फीत बांधून. पापांनी असं कौतुक स्वतःच्या लग्नाच्या सुटाचंही केलं नव्हतं. मी हावऱ्यासारखी पानं उलटली. मेलेल्यांसाठीची प्रार्थना आली. कार्ड नव्हतं.

"यात एक कार्ड होतं," मी म्हटलं.

"नसेल आक्का. आलेलं पुस्तक आम्ही आधी झाडतों. पानांतले कागद, पानंफुलं, टाचण्या सगळं काढतों. मग औषधाच्या धुरींत ठेवतों. त्या कचऱ्यानेच पानं खराब होतात."

"कचरा? माझ्या बहिणीचा फोटो होता तो!"

त्यांचा चेहरा उतरला. "अय्यो," एवढंच म्हणाले. मग काही आठवून आतून एक अल्बम घेऊन आले. पुस्तकांतून निघालेली काही चित्रं त्यांनी जपली होती. एकेक पान पाहिलं. युरोपात छापलेले संत, सोनेरी कडांचे, कागदी लेस लावलेले. सगळे होते. फिलू नव्हती.

"जुनी, परदेशी तेवढी ठेवलीं," ते खाली बघत म्हणाले. "इथली साधी छापील कार्डं ठेवलीं नाहींत. तसा नियमच होता."

कुंपणानेच शेत खाल्लं, आणखी काय? माझ्या तोंडाशी बरंच आलं होतं. पण तो भला माणूस माझ्यासमोर मान घालून उभा होता आणि ज्याला शिव्या द्यायच्या तो कॅनडात.

पुन्हा ते पान काढलं. इतकी वर्षं कार्ड दाबून राहिलं होतं, तिथे कागदावर तपकिरी चौकोन उमटला होता. मी त्यावर हात ठेवला.

"हात नको, आक्का. घामाने कागद बिघडतो."

"आमचं काही बिघडायचं राहिलंय का, सेतुराव?"

फोटो काढायला तिथे मनाई होती. त्यांनी माझ्या हातातल्या मोबाईलकडे पाहिलं, मग "कॉफी घेऊन येतों" म्हणून बाहेर गेले. मी मोबाईलवर त्या पानाचा फोटो घेतला. कशाला घेतला कोण जाणे. रिकाम्या हाताने परतायची लाज वाटली असावी.

परतीच्या गाडीत कोरडा लिंबूभात चिवडत बसले. पापांनी लोकांच्या आगीतून पुस्तकं वाचवली, ग्रंथालयाने ती कसरीपासून वाचवली, आणि एवढ्या वाचवावाचवीत आमची मुलगी तेवढी केरात गेली. विल्सनचा मेसेज आला होता: 'पाटी कशी आहे?' मी तो पुसून टाकला.

घरी आई दाराशीच बसली होती. "मोबाईलमध्ये आणलास होय? दाखव," म्हणत तिने, मी काही बोलायच्या आत, तो हातातून घेतला. पानाचा फोटो उघडाच होता. तिने तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पदराने काच पुसली, पुन्हा जवळ नेला.

"गेले गं माझे डोळे," ती म्हणाली. "नुसतं तपकिरी दिसतंय. पोर दिसतच नाही."

मी तिच्याजवळ खाली बसले.

"डोळे शाबूत आहेत तुझे, आई. तिथे तेवढंच आहे."