नाव सांगा, गोष्ट नको

ऑफिसच्या दारावर पाटी माझ्या नावाची आहे, पण राज्य आत्याचं आहे. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वडील वकिली करत होते तेव्हापासून ती बाहेरच्या खोलीत बसते. वडील गेले, त्यांच्या जागी मी आले, पण बाहेरची खुर्ची तीच आणि आत्याही तीच. एकतीस वर्षं झाली. माझ्यापर्यंत पोचायचं तर तिच्या टेबलावरून जावं लागतं, आणि तिथं भल्याभल्यांची भंबेरी उडते.

टेबलावर एक लाकडी पेटी, त्यात अक्षरांप्रमाणे लावलेली कार्डं. शेजारी तळव्यानं दाबायची पितळी घंटी. माणूस आत आला की आत्या म्हणते, "तुमचं नाव सांगा, समोरच्याचं नाव सांगा. गोष्ट नको."

आता लोक गोष्टच सांगायला आलेले असतात. जिन्यात तीनदा उजळणीही झालेली असते. "अहो, त्याचं काय झालं—" एवढं म्हणेपर्यंत टण्ण! आत्याचा तळवा घंटीवर. "नाव."

कारण साधं आहे. समोरचा, म्हणजे ज्याच्याशी भांडण आहे तो, आधीच आमचा अशील असेल, तर या नव्या माणसाचं काम आम्हाला घेता येत नाही. आणि त्याची हकीकत कानावर पडली, तर जुन्याचंही सोडावं लागतं. एकाचं ऐकायचं आणि दुसऱ्याच्या बाजूनं उभं राहायचं, अशा वकिलाची सनद जाते, आणि जायलाच हवी. म्हणून आधी पेटी, मग दार. तरी एखादं वाक्य निसटतंच. आत्या ते कार्डावर जसंच्या तसं उतरवते आणि ते कार्ड वेगळ्या खणात कुलूपबंद करते. "काय ऐकलं ते लिहिलं, की काय नाही ऐकलं तेही कळतं," असं तिचं म्हणणं. त्या खणाची किल्ली तिच्या गळ्यात. मी ऑफिसची मालकीण, पण त्या खणाला हात लावायची माझी टाप नाही.

मी नऊ वर्षांची असताना वडिलांनी माझी सायकल काढून घेतली होती, म्हणून मी त्यांच्यावर केस करायला तिच्याकडे गेले होते. तिनं माझं नाव विचारलं, समोरच्याचं नाव विचारलं, पेटी चाळली आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "ते याच ऑफिसात आहेत. तुमचं काम घेता येणार नाही. दुसरा वकील बघा." मी भोकाड पसरलं. ते कार्ड अजून पेटीत आहे.

गेल्या वर्षी दोन भावांचं छापखान्यावरून फाटलं. धाकटा माझ्याकडे आला, मी काम घेतलं. चार दिवसांनी थोरला आला. आत्यानं नावं पाहिली आणि त्याला परत पाठवलं. मी त्याचं तोंडसुद्धा पाहिलं नाही. पुढं कोर्टात धाकट्याचं पारडं जड व्हायला लागलं, तसा थोरल्यानं वकिलांच्या शिस्तपालन समितीकडे अर्ज ठोकला. 'मी त्यांच्या ऑफिसात तासभर बसून सगळं सांगितलं, आणि वकीलबाईंनी तेच माझ्यावर उलटवलं,' अशी त्याची तक्रार.

अर्जाची प्रत हातात आली. मी तडक बाहेरच्या खोलीत गेले.

"आत्या, त्याचं कार्ड दे."

"नाही."

"अगं, माझी सनद जाईल!"

"त्यावर त्या माणसाचे शब्द आहेत, आणि तू त्याच्या भावाची वकील. तुला वाचायला दिलं, तर त्याची तक्रार आज खरी होईल."

तिचं बरोबर होतं, म्हणून तर जास्त राग आला. सुनावणीपर्यंत मी तिच्याशी धड बोलले नाही. तीही कमी नाही. माझा चहा रोज वेळेवर यायचा, पण बिनसाखरेचा.

सुनावणीच्या खोलीत एक लांब टेबल होतं. मधोमध अध्यक्ष, एक निवृत्त न्यायाधीशबाई. दोन्ही बाजूंना दोन ज्येष्ठ वकील. एका टोकाला थोरला, दुसऱ्या टोकाला मी आणि मांडीवर पिशवी घेऊन आत्या.

"बाई, हे तुमच्याकडे आले होते?" अध्यक्षांनी आत्याला विचारलं.

"आले होते."

"काय म्हणाले?"

"ते सांगता येणार नाही."

मी डोळे मिटले.

"तुमच्या भाचीची सनद पणाला लागलीये, कल्पना आहे ना?"

"आहे. पण शब्द यांचे आहेत. आम्ही यांचं काम घेतलं नाही, म्हणून ते काही माझे होत नाहीत."

थोरला ताडकन उठला. "सांगा की! तासभर बोललोय मी! माझ्या भावानं—"

धप्प! आत्याचा तळवा टेबलावर.

"अहो, माझ्या भावानं—"

धप्प!

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "हे काय चाललंय?"

"सवय," आत्या ओशाळून म्हणाली. मग थोरल्याकडे वळली. "सांगा म्हणताय, तर परवानगी देताय का?"

"देतो, देतो!"

"लिहून द्या."

त्यानं तणतणत लिहून दिलं. आत्यानं सही तपासली, तारीख घालायला लावली, आणि मग पिशवीतून कार्ड काढून मोठ्यानं वाचलं.

"आले, अकरा वाजून चार मिनिटं. शब्द: 'माझ्या भावानं'. घंटी. 'माझ्या भावानं'. घंटी. 'अहो ऐका तरी, माझ्या भावानं'. घंटी. काम घेता येणार नाही असं सांगितलं. शब्द: 'या बाईला कान आहेत की नाहीत?' गेले, अकरा वाजून नऊ मिनिटं. दार आपटलं."

मग डावीकडच्या वकिलांना पाणी पिताना जोरदार ठसका लागला आणि सगळी खोली हसायला लागली. अध्यक्षबाई तर रुमालात तोंड लपवून हसत होत्या.

"आणि तासभर?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"जिना उतरायला लागला असेल," आत्या म्हणाली.

थोरल्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला, पण मग त्यालाही हसू आवरेना. तक्रार तिथंच निकालात निघाली. जाता जाता तो आत्यापाशी थांबला आणि म्हणाला, "बाई, माझ्या वकिलाकडे याल का कामाला? तिथं कुणीही येतं आणि काहीही ऐकून जातं."

जिना उतरताना मी विचारलं, "त्यानं लिहून दिलं नसतं तर?"

"तर तुझी सनद गेली असती."

"आणि तू गप्प बसली असतीस?"

"हो." दोन पायऱ्या उतरून ती थांबली. "मग घरी येऊन रडले असते. आठ दिवस. पण गप्पच बसले असते."

मी तिथंच तिच्या गळ्यात पडले. मला खूप काही सांगायचं होतं. मी उगाच फुगून बसले, तिच्याइतकं सरळ माणूस मी पाहिलं नाही, आणि माझ्या सनदेवर खरं तर तिचंच नाव हवं, हे सगळं.

"आत्या, मी तुला—"

धप्प! तिचा तळवा माझ्या पाठीवर पडला, आणि मी गप्प झाले.