मेथीतली पुडी

बायको मेथी निवडायला बसली की मला अजून गोडीशेवेचा गूळकट वास येतो.

घरात रोज पालेभाजी हवी आणि खर्च नको, म्हणून शिरपूरच्या आठवडी बाजारात शेवटची एसटी सुटायच्या वेळीच भाजी घ्यायची, हे माझं संशोधन. एकदा डोंगराकडच्या एका भाजीवालीनं एसटी गाठायच्या घाईत मेथीचा अख्खा ढीग निम्म्या भावात माझ्या पिशवीत लोटला. घरी बायको निवडत असताना मेथीतून गोडीशेवेची पुडी निघाली. "बघ, वर खाऊही मिळवला!" म्हणत मी ती फस्त केली.

पुढच्या बाजारी तिनं विचारलं, "भाऊ, भाजीमा मनी पुडी उनी व्हती का? पोरेंसाठे लिन्ही व्हती."

"नाही बुवा, पुडीबिडी काही नाही आली," मी म्हणालो.

"जाऊ दे भाऊ," म्हणत तिनं माझ्या पिशवीत एक जुडी जास्तच टाकली.